बुलेट वारशाने आली तर

आमच्या सातारच्या घराच्या अंगणात एक बुलेट उभी असते. १९९१ ची, ३५० स्टँडर्ड, काळी, टाकीवर सोनेरी रेघा. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लष्करातून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशातून ती घेतली. २०१४ साली आप्पा गेले आणि पुढची दोन वर्षं गाडी ताडपत्रीखाली तशीच राहिली. तिला हात लावायचा कुणाचा धीर होत नव्हता. मी शाळेत शिकवते, रोज स्कूटरने जाते-येते. २०१६ पासून रविवार मात्र बुलेटचा.

इतक्या वर्षांत वडिलांची, काकांची, सासऱ्यांची जुनी बुलेट घरात पडून आहे अशी पुष्कळ माणसं मला भेटली. ठेवू की विकू, असं विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: ठेवायची तर चालवायची. आठवड्यातले दोन तास देता येणार नसतील तर ज्याला देता येतील त्याच्या हाती सोपवा. दोन वर्षं नुसती उभी राहिल्यावर आमच्या गाडीची टाकी आतून गंजली होती, कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकट राळ बसली होती, क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या आणि दोन्ही टायरांना भेगा गेल्या होत्या. आप्पांनी तेवीस वर्षं चालवून तिचं जितकं नुकसान केलं नाही तितकं आम्ही दोन वर्षांत न चालवून केलं.

कागदांचं आधी बघा. मालक वारला की गाडी आपोआप मुलाच्या नावावर होत नाही. नियमाप्रमाणे तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. आम्ही उशीर केला, त्यामुळे दंड भरावा लागला आणि पुण्यात राहणाऱ्या भावाला सहीसाठी दोनदा यावं लागलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी पासिंगला न्यायची आणि पर्यावरण कर भरायचा. २०१६ आणि २०२१ साली मी स्वतः नेली. चेसिस नंबरवरचा गंज आणि रंग आधी हळुवार काढून ठेवा, तो वाचता आला पाहिजे. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबरपाटी (एचएसआरपी) लागते, ती लावा. आप्पांनी रंगवून घेतलेली जुनी पाटी मी काढून घरात भिंतीवर लावली आहे. विमा, पीयूसी हे तर आलंच.

आणि कुणाची जुनी बुलेट विकत घेत असाल तर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा. बोट फिरवा. आकडे घासून पुन्हा ठोकलेले असले तर बोटाला कळतं. तिथून गाडी कितीही सुंदर असली तरी निघा.

आता किक. यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटवर प्रेम बसतं ते इथेच आणि पाय मोडतो तोही इथेच.

चप्पल घालून किक मारायची नाही. बूट घाला. गाडी मेन स्टँडवर घ्या, पेट्रोलचा कॉक उघडा, सकाळची पहिली किक असेल तर चोक लावा. किल्ली फिरवा आणि अॅमीटरच्या, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरच्या, काट्याकडे बघा. पॉइंट, म्हणजे प्लगला ठिणगी मिळावी म्हणून उघडमीट करणारे छोटे संपर्क, मिटलेले असतील तर काटा वजाकडे झुकतो. आता किक हाताने ढकलावी तशी पायाने सावकाश खाली न्या. एका ठिकाणी ती घट्ट लागेल आणि काटा मध्यावर येईल. तिथे थांबा. पिस्टन वर आलेला आहे, आणि इथून जोर लावलात तर स्फोट उलट्या दिशेने होऊन किक तुमच्या पायावर परत येऊ शकते. डाव्या हाताखालचा डीकॉम्पचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, छोटा लिव्हर दाबा, किक आणखी जराशी, चार बोटं, खाली सरकवा. लिव्हर सोडा. किक पूर्ण वर येऊ द्या. मग शरीराचं वजन टाकून एकच लांब, शेवटपर्यंत नेलेली किक. अॅक्सिलेटर द्यायचा नाही. गाडी टायमिंगमध्ये असेल तर ती पहिल्या नाहीतर दुसऱ्या किकला बोलते.

हे सगळं आप्पा मला लहानपणी दाखवत. पण पाहणं वेगळं. पहिल्याच महिन्यात मी घाईत, काट्याकडे न बघता, सपाता घालून किक मारली आणि ती उलटली. घोटा सुजून तीन आठवडे मी वर्गात खुर्चीवर बसून शिकवलं. तेव्हापासून माझा नियम आहे: उशीर झाला असेल त्या दिवशी बुलेट काढायची नाही, स्कूटर काढायची.

किकनंतरचा दुसरा धोका हातापायांच्या सवयीचा. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. नवी मोटरसायकल चालवणाऱ्याचा उजवा पाय ब्रेक समजून गिअर दाबतो. माझ्यासारख्या स्कूटरवाल्यांना तर याहून वाईट सवय असते. स्कूटरला डाव्या हातात मागचा ब्रेक असतो, बुलेटला तिथे क्लच आहे.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये कासहून परत येताना यवतेश्वरच्या घाटात, उतारावर, वळणातून एक पाण्याचा टँकर माझ्या बाजूला आला. माझा डावा हात आपोआप आवळला गेला. क्लच दाबला गेला, इंजिनाने धरून ठेवलेली गाडी मोकळी झाली आणि थांबायच्या ऐवजी पुढे पळाली. एकट्या पुढच्या ड्रम ब्रेकने इतक्या वजनाची गाडी उतारावर किती थांबणार? मी कडेच्या चरात गेले. गुडघा फुटला, क्रॅशगार्ड वाकला, हेडलाइटची रिंग चेपली. चर डोंगराच्या बाजूचा होता म्हणून निभावलं.

यावर उपाय एकच, सराव. आजही बाहेर पडण्याआधी मी गल्लीच्या मोकळ्या टोकाला पाच फेऱ्या मारते. दुसऱ्या गिअरमध्ये वीसच्या वेगाने यायचं आणि मोठ्याने म्हणायचं, 'उजवा हात, डावा पाय', आणि थांबायचं. शेजारच्यांना आता सवय झाली आहे. सहा दिवस हात स्कूटरचे असतात, सातव्या दिवशी त्यांना आठवण करून द्यावी लागते. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक सतत धरून ठेवू नका. ड्रम तापला की लायनर धरत नाही, आणि हे तुम्हाला नेमकं चौथ्या-पाचव्या वळणावर कळतं. हेल्मेट मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरही हवं.

दर रविवारी निघण्याआधी मी अर्धा तास गाडीजवळ बसते. चेन, हवा, दोन्ही ब्रेकच्या केबली, ढिले नट. कंपनामुळे नट सुटतात, विशेषतः सायलेन्सरचे आणि मडगार्डचे. महिन्यातून एकदा टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, पाहते, आणि मला यातला सर्वात मोठा आनंद तिथेच मिळतो.

इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. उजव्या अंगाला टॅपेटचं झाकण एका नटावर असतं. ते काढलं की आत दोन पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, उभे दिसतात, तेलाने चमकणारे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. आता एक पुशरॉड अंगठा आणि पहिल्या बोटात धरा आणि फिरवा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. फिरतच नसेल तर टॅपेट घट्ट आहे, व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि पुढे जळेल. वर-खाली टकटक हलत असेल तर ढिला आहे. लॉकनट सोडून अगदी अंशाने फिरवायचा, नट आवळायचा, पुन्हा बोटांत धरून बघायचं. नट आवळताना माप हमखास सरकतं, म्हणून आवळल्यानंतरची तपासणी हीच खरी. माझ्या बोटांना ते माप कळायला सहा महिने लागले. झाकण परत लावताना त्याच्या बुचाच्या गास्केटला जोर देऊ नका, नाहीतर तेल गळेल.

पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, लावून. गेज शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, अंदाजाने करू नका. एका गॅरेजमध्ये अंदाजाने पॉइंट लावून दिले होते. गाडी कोरेगावच्या रस्त्यावर फटफट करत मिसिंग करू लागली आणि मी पाच किलोमीटर ढकलत आणली. तेव्हापासून पॉइंट, प्लग, टॅपेट हे मी स्वतः करते. इंजिन खोलायचं असेल तर मात्र आमचे जुने मिस्त्री. आप्पांच्या वेळचे आहेत, पोरीसारखं शिकवतात आणि चूक झाली की रागावतात. असा माणूस गावात शोधून ठेवा. पार्टसाठी मी पुण्यात नाना पेठेत जाते. क्लच प्लेट, पॉइंट आणि ब्रेक लायनर यांत स्वस्त माल घेऊ नका, बाकी ठिकाणी चालवून घेता येतं.

गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तर तेलाच्या टाकीतलं तेल पंपातून हळूहळू इंजिनाच्या पोटात झिरपतं. मग सुरू करताच गल्लीभर निळा धूर होतो आणि लोक म्हणतात पिस्टनची रिंग गेली. रिंग गेलेली नसते. दहा-पंधरा मिनिटं चालवा, तेल टाकीत परत जातं. तेलाची पट्टी त्यानंतरच पाहा. थंड गाडीची पट्टी पाहून वरून तेल ओतलंत तर ते ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून, बाहेर फेकलं जाईल.

पेट्रोलबद्दल मला काळजी वाटते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या गाडीचे रबर त्या काळचे, आणि इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका सकाळी अंगणभर पेट्रोलचा वास आला. कॉकखालची नळी बोटाने दाबली तर तिला बारीक चिरा पडलेल्या आणि थेंब सरळ इंजिनाच्या फिन्सवर पडत होता. इंजिन तापलेलं असतं तर काय झालं असतं या विचाराने मी त्या रविवारी गाडी काढली नाही. नळी दरवर्षी बदला, इथेनॉलला टिकणारी घ्या. घरी आल्यावर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही साचत नाही. सातारच्या पावसात गाडीवर प्लॅस्टिक टाकू नका, आत दमट होऊन क्रोमवर बुरशीसारखे ठिपके येतात. वर छप्पर आणि अंगावर सुती चादर.

सायलेन्सर बदलून मोठा आवाज काढणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तसं करू नका. पोलीस काढून घेतात हे एक. पण मूळ सायलेन्सरमधून जो संथ ठोका येतो त्यासाठीच तर ही गाडी ठेवायची. पिस्टनचा नव्वद मिलिमीटरचा लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील यांचा तो ठोका आहे. सकाळी साडेसहाला यवतेश्वरचा घाट मी तिसऱ्या गिअरमध्ये, पस्तीस-चाळीसच्या वेगाने चढते. खाली सातारा धुक्यात, डावीकडे अजिंक्यतारा, आणि प्रत्येक ठोका वेगळा मोजता येतो. पन्नासच्या पुढे मी तिला नेत नाही. पेट्रोल पंपावर कुणीतरी म्हातारा माणूस टाकीवर हात ठेवतो आणि त्याच्या गाडीची गोष्ट सांगतो. त्याला पाच मिनिटं द्यावीत.

चोरीसाठी मागच्या चाकाला साखळी आणि एक लपवलेलं स्विच, एवढं पुरतं. डाव्या पेटीत जादा क्लच केबल, प्लग, पॉइंटचा सेट, चेन लॉक, फ्यूज, चिकटपट्टी आणि आप्पांचा पाना ठेवते. त्या पान्यावर त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं आहे.

भाचा एकोणीस वर्षांचा आहे, त्याला गाडी शिकायची आहे. सहा महिने मी त्याला फक्त किक आणि टॅपेट करू दिलं. गेल्या रविवारी पुशरॉड बोटांत फिरवून तो म्हणाला, "मावशी, एक्झॉस्टचा जरा ढिला वाटतोय." मी बघितलं. ढिला होता. या रविवारपासून गल्लीच्या टोकाच्या पाच फेऱ्या तो मारेल आणि मी बाजूला उभी राहीन.