बुलेटचं क्लच कव्हर घरीच चमकवताना

यवतेश्वरच्या घाटात पावसाळाभर फिरून माझ्या जुन्या बुलेटचं क्लच कव्हर, म्हणजे क्लचवरचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, पार पांढुरकं पडलं होतं. कव्हर खोलण्याआधी ऑइल काढा, नाहीतर अंगण धुवत बसाल. मी बसलोय.

वर क्लिअर कोट (पारदर्शक रंगाचा थर) असेल तर पेंट रिमूव्हरनं तो आधी उतरवा. कॉस्टिक सोडा मात्र लावू नका, तो अ‍ॅल्युमिनियमच खातो.

मग बादलीत पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक): ४००, ६००, १०००, १५००, २०००. दर नंबरला दिशा बदलायची. ४०० उभा घासला तर ६०० आडवा. उभी एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. उन्हात कव्हर तिरकं धरून बघा, चुकार रेघ लगेच चमकते. इथंच सगळे घाई करतात. मला दोन दुपारी लागल्या, त्यातली पहिली नुसती ४००वर गेली.

शेवटी जुन्या बनियनवर मेटल पॉलिश घ्या. कापड काळंकुट्ट होईल, होऊ द्या, ते अ‍ॅल्युमिनियमच सुटतंय. स्वच्छ कापडानं पुसून वॅक्सचा एक हात मारा. बसवताना गॅस्केट (कव्हरखालची ऑइल अडवणारी पातळ पट्टी) नवीन टाका.