मूल बोलतं व्हावं म्हणून घरी काय करायचं?

"हे काय आहे? आणि हे? म्हण बरं, बॉ-ल!" मुलाने बोलावं म्हणून आपण दिवसभर त्याची तोंडी परीक्षा घेत असतो, आणि मूल गप्प. परीक्षेला बसवल्यावर मोकळं कोण बोलतं?

म्हणून सुरुवात प्रश्न कमी करण्यापासून. तुमचा चेहरा त्याला नीट दिसेल असे खाली बसा. ते कशात रमलंय ते आधी नुसतं बघा आणि त्याबद्दलच बोला. चमचा आपटत असेल तर हातात चित्रांचं पुस्तक कोंबू नका. "चमचा वाजला! टण टण!" एवढं पुरे.

पुढची पायरी सगळ्यांत अवघड. बोलून झालं की थांबायचं, मनात दहा आकडे मोजायचे. समजा, चेंडू कपाटाखाली गेलाय. मूल बोट दाखवतं, "अं अं" करतं आणि आपला हात लगेच कपाटाखाली. तो आवरा. "चेंडू गेला!" म्हणा आणि त्याच्याकडे बघत राहा. नुसतं "चें" आलं तरी तो शब्दच. चेंडू लगेच द्या. काहीच आलं नाही, तर तुम्हीच "चेंडू!" म्हणून द्या. "बोललास तरच देईन" हा सौदा मात्र अजिबात नको. रडकुंडीला आलेलं मूल शब्द शिकत नाही.

त्याने शब्द दिला की त्यात एक घालून परत करा. ते "गाडी" म्हणालं, तुम्ही "लाल गाडी". "तप्पल" म्हणालं, तर "हो, बाबाची चप्पल!" चूक दाखवायची नाही, पण लाडाने आपणही तप्पल म्हणायचं नाही. 'र', 'ळ' उशिराच येतात, त्यांची घाई नको.

अंघोळ घालताना, कपडे चढवताना तेच ते शब्द रोज येतात, तेव्हा वेगळा अभ्यास कशाला? घरात दोन भाषा असतील तर दोन्ही बोला, त्याने बोलणं खोळंबत नाही. मोबाइल मात्र दोन वर्षांपर्यंत दूरच बरा; तो मुलासाठी थांबत नाही.

वर्षाचं होऊनही बडबड नाही, बोट दाखवणं नाही, दीड वर्षात एकही शब्द नाही, दोन वर्षांनी "बाबा ये" असे दोन शब्द जुळत नाहीत, किंवा कुठल्याही वयात आलेले शब्द गेले, तर डॉक्टरांना दाखवा. "मुलगे उशिराच बोलतात" हे ऐकून घरी बसू नका. आधी कान तपासा. दार आपटल्यावर दचकतं म्हणजे सगळं ऐकू येतं असं नाही. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी बारीक आवाज हुकतात. लहान मुलांची ही तपासणी झोपेतही होते, त्यासाठी त्याला एक शब्दही बोलावा लागत नाही.