रिझर्व्हिस्ट आणि टेरिटोरियलवाल्यांनो, पेन्शनच्या बाबतीत या चुका टाळा

आपल्या खान्देशात मिल्ट्रीवाला म्हटला की पेन्शनवाला, हे गावाने धरूनच टाकलेलं असतं, मग तो नऊ वर्षांत परत आलेला असो नाहीतर सुभेदार होऊन आलेला. म्हणून शेजारच्याला पेन्शन आहे आणि आपल्या घरात नाही असं झालं की 'आमना बाबाले पेन्शन काबर नही?' हा प्रश्न येतो आणि पुढे कोणीतरी एजंट भेटतो, पाच-दहा हजार घेतो आणि भलत्याच ऑफिसला भलताच अर्ज टाकून देतो. उलटंही होतं, म्हणजे हक्क असतो पण घरच्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. दोन्हीचं मूळ एकच, नोकरी किती वर्षं झाली हे सगळे विचारतात पण ती कोणत्या खात्यात चढली हे कोणी बघत नाही.

खाती तीन आहेत. कलर सर्व्हिस म्हणजे युनिटमध्ये हजर राहून केलेली रेग्युलर नोकरी. रिझर्व्ह म्हणजे घरी पाठवलं पण नाव यादीत ठेवलं, बोलावलं की जायचं. आणि एम्बॉडीड सर्व्हिस ही टेरिटोरियल आर्मीची (गरजेपुरती बोलावली जाणारी अर्धवेळ फौज), म्हणजे ऑर्डर काढून प्रत्यक्ष ड्युटीवर घेतलेला काळ. जवानाच्या साध्या सर्व्हिस पेन्शनला १५ वर्षं कलर सर्व्हिस लागते, त्यात रिझर्व्हची वर्षं मिसळता येत नाहीत.

मग रिझर्व्हिस्ट पेन्शन कोणाला? ही जुन्या लोकांची गोष्ट आहे. पूर्वी भरती व्हायची तीच मुळी काही वर्षं कलर आणि काही वर्षं रिझर्व्ह अशा करारावर, एअर फोर्सला ९ अधिक ६, नेव्हीत १० वर्षं नोकरी आणि १० वर्षं फ्लीट रिझर्व्ह, म्हणजे नेव्हीची रिझर्व्ह यादी. आर्मीच्या १९६१ च्या पेन्शन रेग्युलेशनमध्ये १५५ नंबरचा नियम आहे, त्यात ठरलेली कलर आणि रिझर्व्ह मिळून कमीत कमी १५ वर्षं भरली आणि दुसरी सर्व्हिस पेन्शन चालू नसली तर रिझर्व्हिस्ट पेन्शन. तेव्हाची रक्कम वाचून हसू येईल, महिना साडेदहा रुपये, नाहीतर त्याऐवजी ८०० रुपये ग्रॅच्युइटी एकरकमी. आणि इथेच पुष्कळ घरांचं नुकसान झालं, कारण त्या काळात ८०० रुपयांत बैलजोडीचं नाहीतर विहिरीचं काम होत होतं, साडेदहा रुपयाला कोण विचारतो, म्हणून माणसं ग्रॅच्युइटी उचलून मोकळी झाली. आज तीच पेन्शन शिपायाच्या सर्वात कमी पेन्शनच्या दोन तृतीयांशपेक्षा खाली जात नाही आणि १ जानेवारी २०१६ पासून किमान ९००० रुपये आणि वर महागाई, इथपर्यंत आलीय. तर अर्ज करायच्या आधी हे बघा की बाबांनी तेव्हा पेन्शनऐवजी ग्रॅच्युइटी स्वतः सही करून घेतली होती का. घेतली असेल तर केस फार अवघड आहे, आणि हे एजंट सांगत नाही.

दुसरं, आजच्या डिस्चार्ज बुकात (नोकरी संपताना मिळतं ते पुस्तक) 'रिझर्व्ह २ वर्षं' लिहिलेलं दिसतं आणि पोरं म्हणतात १३ वर्षं नोकरी अधिक २ वर्षं रिझर्व्ह झाले १५, द्या पेन्शन. असं होत नाही. ती दोन वर्षं म्हणजे फक्त गरज पडली तर बोलावू एवढीच अट आहे, जुन्या करारातली रिझर्व्ह नोकरी ती नाही.

नेव्हीवाल्यांची भानगड अजून वेगळी. ३ जुलै १९७६ ला नेव्हीने फ्लीट रिझर्व्हमध्ये पाठवणंच बंद केलं. त्यानंतर १० वर्षं करून बाहेर पडलेले म्हणाले की आम्हाला रिझर्व्हमध्ये घेतलं असतं तर आमची वर्षं भरली असती. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं की रिझर्व्हमध्ये घ्याच असा हक्क कोणाला नाही, म्हणून रिझर्व्हिस्ट पेन्शन नाही. मात्र जे त्या तारखेच्या आधी भरती झाले आणि ज्यांची मुदत त्या तारखेला किंवा नंतर संपली, त्यांनी स्वतःहून डिस्चार्ज मागितला नसेल तर त्यांच्यासाठी स्पेशल पेन्शनचा रस्ता कोर्टाने मोकळा ठेवला. म्हणजे तुमच्या घरातले आजोबा नेव्हीतले असतील तर आधी भरतीची आणि मुदत संपल्याची अशा दोन्ही तारखा बघा, जून १९७६ आणि ऑगस्ट १९७६ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता टेरिटोरियल. इकडे चोपडा, शिरपूर, पारोळा, साक्रीकडची बरीच पोरं टेरिटोरियलला आहेत, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच. जवान आणि जेसीओला (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) १५ वर्षं, ऑफिसरला २० वर्षं, पण सगळी एम्बॉडीड. युनिट डिसएम्बॉडी होऊन, म्हणजे ड्युटीवरून मोकळं होऊन तुम्ही घरी आलात, कपाशी वेचली, केळीला पाणी दिलं, तो काळ धरत नाहीत. नियम असा की मधले खंड माफ होतात, म्हणजे तुटक तुटक नोकरी जोडून एकत्र मोजतात, पण खंडाचे दिवस काही त्यात पडत नाहीत. लोक फक्त पहिलं अर्धं वाक्य ऐकतात.

हिशोबच करून बघा. समजा एकजण १९९८ ला लागला, २०२० ला बाहेर पडला, गावात सगळे म्हणतात २२ वर्षं केली. पण एम्बॉडीडची बेरीज निघाली १३ वर्षं ८ महिने. पेन्शन नाही. आणि वर्षाला दोन महिन्यांच्या कॅम्पवर भरवसा ठेवणाऱ्याने तर हे करून बघावंच, ते कॅम्प धरले असं मानलं तरी २० वर्षांचे होतात ४० महिने, म्हणजे ३ वर्षं ४ महिने फक्त. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ऑइलच्या डिपार्टमेंटल टेरिटोरियल युनिटांत तर गरज पडली तरच एम्बॉडी करतात, तिथे पेन्शन तुमच्या मूळ नोकरीचीच धरून चाला. भुसावळकडच्यांनी हे नीट लक्षात घ्या.

जे अजून नोकरीत आहेत त्यांना माझं एकच सांगणं, दरवर्षी युनिटच्या क्लर्ककडून एम्बॉडीड सर्व्हिसचा आकडा लेखी घ्या आणि पार्ट टू ऑर्डर (नोकरीची नोंद चढवणारा युनिटचा लेखी आदेश) निघाली का ते तपासा. काम केलं पण ऑर्डर चढलीच नाही असं निघतं, आणि ते दहा वर्षांनी दुरुस्त करायला गेलं की तेव्हाचा सीओ म्हणजे कमांडिंग ऑफिसर रिटायर, हेड क्लर्क कुठे गेला कोणाला ठाऊक. १३-१४ वर्षं झालेली असताना घरच्या कटकटीला कंटाळून नाव काढून येऊ नका. भाऊबंदकीचा वाद वर्षभर थांबतो हो.

कमी पडलेले महिने माफ होतात का? होतात, त्याला कंडोनेशन म्हणतात, पूर्वी सहा महिन्यांपर्यंत होतं, २००१ पासून १२ महिन्यांपर्यंत झालं. वरच्या उदाहरणात १ वर्ष ४ महिने कमी आहेत, ते बसत नाही. १४ वर्षं २ महिने असते तर निदान अर्ज तरी करता आला असता. पण टेरिटोरियलला ही सूट द्यायला सरकार तयार नसतं, त्यावर कोर्टकज्जे झालेत, म्हणून तिथे पहिला अर्ज नामंजूर झाला तर दचकू नका. आणि नियमाप्रमाणे स्वतःच्या मर्जीने नोकरी सोडलेल्याला किंवा काढून टाकलेल्याला कंडोनेशन नाही, जरी मर्जीने सोडलेल्यांच्या काही केसमध्ये आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलने (फौजींच्या केसेसचं वेगळं कोर्ट) दिलेलं आहे.

यासाठी डिस्चार्ज बुक काढा आणि खरंच वाचा. सगळे चारित्र्य 'एक्झेम्प्लरी' लिहिलंय तेवढं दाखवतात, पण महत्त्वाची ओळ असते कॉज ऑफ डिस्चार्ज. तिथे आर्मी रूल १३(३) च्या तक्त्यातला नंबर असतो. थ्री (वन) म्हणजे करार पूर्ण झाला, थ्री (थ्री) म्हणजे मेडिकल, थ्री (फोर) म्हणजे स्वतःच्या विनंतीवरून. एका कंसातल्या आकड्यावर सगळी केस फिरते. थ्री (थ्री) असेल तर वर्षं मोजत बसू नका, डिसॅबिलिटी पेन्शनला किमान नोकरीची अटच नाही, तो आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला एवढं मेडिकल बोर्डाच्या कागदात हवं, आणि टक्केवारी २० किंवा त्याच्या वर.

त्याच पुस्तकात नॉन-क्वालिफाइंग दिवस पण असतात. आखाजीला घरी आला, बहिणीचं लग्न होतं म्हणून रजेपेक्षा वीस दिवस जास्त राहिला, ते दिवस नंतर रजेत नियमित केले नसतील तर पेन्शनमधून वजा. १७ वर्षांच्या आतली बॉईज सर्व्हिस पण वजा. १४ वर्षं ११ महिन्यांवर घोडं अडतं ते यानेच.

पुस्तक हरवलंय? मग घाई करा. पेन्शन नसलेल्या जवानाचे सर्व्हिस कागद रेकॉर्ड ऑफिस २५ वर्षांनंतर नष्ट करतं, राहतो फक्त लाँग रोल, म्हणजे रजिस्टरातली एक ओळ, त्यात भरती, डिस्चार्ज, कारण असं जुजबी. माहितीच्या अधिकारात १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून त्याची कॉपी मागा. अर्ज कोणाकडे, तर ज्या रेजिमेंटचे त्या रेकॉर्डकडे, मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार रेजिमेंट सागर, तोफखाना नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स खडकी. टेरिटोरियलवाल्यांचं युनिट ज्या रेजिमेंटला जोडलेलं तिथे.

जिल्हा सैनिक कल्याण ऑफिसात जाऊन भांडणं ही पण एक चूकच. ते फॉर्म भरून देतात, पत्र पुढे पाठवतात, पण पेन्शन मंजूर करत नाहीत. क्लेम रेकॉर्ड ऑफिस बनवतं, मंजुरी प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शनची, म्हणजे फौजेच्या पेन्शनचा हिशोब बघणाऱ्या ऑफिसची. बँकेतल्या मॅनेजरला तर काहीच अधिकार नाही, उगाच त्याच्याशी वाद घालू नका.

रेकॉर्डने लेखी नकार दिला की आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, आपल्याला मुंबई बेंच. मुदत सहा महिन्यांची. पेन्शन हे दर महिन्याला चालू राहणारं नुकसान असल्याने जुनी केस पण ऐकतात, पण जिंकलात तरी थकबाकी साधारण अर्ज टाकल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. 'चाळीस वर्षांचे लाखो रुपये काढून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

वन रँक वन पेन्शनचे (सारखा रँक आणि सारखी नोकरी असेल तर सारखी पेन्शन) तक्ते व्हॉट्सअपवर फिरतात आणि रिझर्व्हिस्ट पेन्शनवाले काका त्यात आपला आकडा शोधत बसतात. २०१६ च्या आदेशातच रिझर्व्हिस्ट पेन्शनर त्यातून वगळलेले आहेत. टेरिटोरियलचे पेन्शनर त्यात आहेत.

अग्निवीर हा रिझर्व्हिस्टही नाही आणि टेरिटोरियलही नाही. चार वर्षं, शेवटी व्याजासकट साधारण ११.७१ लाख सेवानिधी, पेन्शन-ग्रॅच्युइटी काही नाही.

राहिलं नावाचं. पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा कागद) बायकोचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं, रेशन कार्डावर हाक मारायचं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन स्पर्श पोर्टलवर तीन नावांची एकच बाई त्याला तीन बाया दिसतात. बाबा हयात असताना, त्यांची सही चालते तोवर, लग्नाचा पुरावा आणि एकाच व्यक्तीची नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडून रेकॉर्ड ऑफिसकडून पीपीओची दुरुस्ती करून घ्या. ते गेल्यावर हेच काम आईला ऐंशीव्या वर्षी तहसीलच्या पायऱ्या चढून करावं लागतं.