किनाऱ्यावर मज्जातंतूंचा वेग मोजायचा कसा

चेतापेशीची, म्हणजे मज्जातंतूच्या पेशीची, आकृती पोरं सुबक काढतात आणि परीक्षा झाली की विसरतात. देवगड तालुक्यात मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. शेवटी शेवटी हा धडा वाळूवरच घ्यायचे. लागतात वीस मुलं, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि मोजपट्टीची टेप. वेळ ओहोटीची निवडा, म्हणजे घट्ट वाळू मिळते.

मुलांना मांडी घालून गोल बसवा, डोळे मिटायला लावा. प्रत्येकाने शेजारच्याचा खांदा धरायचा. घड्याळ सुरू करून तुम्ही पहिल्याचा खांदा दाबा. ज्याचा दाबला त्याने पुढच्याचा दाबायचा. शेवटच्याने ‘पोचला’ म्हणून ओरडलं की घड्याळ बंद. मग हेच सगळं घोटा धरून.

पहिल्या वर्षी मी खांद्याच्या साऱ्या फेऱ्या आधी उरकल्या आणि फसले. तोवर पोरांचे हात सरावले होते, त्यामुळे घोट्याचा वेळ चक्क कमी आला. "बाई, पाय खांद्यापेक्षा हुशार आसा!" मागून कोणीतरी ओरडलंच. तेव्हा आधी पाच-सहा फेऱ्या नुसत्या सरावाच्या घ्या, त्या लिहू नका. मग एक खांद्याची, एक घोट्याची अशा आलटून पालटून दहा-दहा घ्या आणि सरासरी काढा.

एकदा आमची सरासरी खांद्याला ५.२ सेकंद आली, घोट्याला ५.७. मेंदूतला निवाडा आणि तिथून हातापर्यंतचा प्रवास दोन्हींत सारखाच, तो वजाबाकीत उडून जातो. उरतो अर्धा सेकंद, घोट्यापासून खांद्यापर्यंतच्या जादा वाटेचा. खांद्यापासून घोट्यापर्यंत टेपने मोजलं तर साधारण १.२ मीटर, वीस जणांचे २४ मीटर. म्हणजे सेकंदाला ४८ मीटर. तुमचा आकडा तीस किंवा साठ आला तरी बिघडत नाही, अंगठ्याने चालवलेलं घड्याळ आहे ते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूत सेकंदाला सुमारे २७ मीटर मोजले. त्याच्या गुरूंना, म्युलरना, हा वेग मोजता येईल असंच वाटत नव्हतं.

वायरीतली वीज क्षणात जाते, मग इथे उशीर का, असं कोणीतरी विचारतंच. समुद्राकडे बोट दाखवा. त्या मिठातला सोडियमच आपल्या पेशींबाहेर असतो. संदेश येतो तिथली पेशीच्या पडद्यातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, त्याने पुढची दारं उघडतात. दार उघडायला वेळ लागणारच.

दोन पेशींमधल्या फटीसाठी शिंपल्या आणि करवंटी घ्या. खरी फट मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी, पण वीज ती ओलांडत नाही, रसायन ओलांडतं. एक मुलगा मज्जातंतू, त्याच्या मुठीत शिंपल्या म्हणजे अ‍ॅसिटाइलकोलीन, संदेश नेणारं ते रसायन. दुसरा स्नायू, त्याच्या हातात करवंटी, म्हणजे ते रसायन झेलणारी जागा. करवंटीत शिंपली असेतो त्याने उड्या मारायच्या. तिसरा विकर, म्हणजे ते रसायन मोडणारं एन्झाइम; शिंपली पडली रे पडली की उचलून मोडून टाकायची. संदेश उलटा का जात नाही, हे मात्र सांगू नका. करवंटी एकाच बाजूला आहे, पोरांना आपोआप दिसतं.

आता तिसऱ्याचे हात मागे बांधा. करवंटी भरत जाते, उड्या थांबत नाहीत. कलमांवर फवारायच्या काही औषधांनी, ऑर्गेनोफॉस्फेटवाल्यांनी, अंगात नेमकं हेच होतं: लाळ गळते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, स्नायू फडफडतात. आमच्याकडे निम्म्या पोरांचे वडील फवारणीला जातात, त्यामुळे इथे वर्ग एकदम गप्प होतो. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन देतात, ते करवंटीवरचं झाकण. लाळ आणि छातीतला कफ त्याने आवरतो, पण स्नायूंच्या करवंट्यांवर हे झाकण बसत नाही. म्हणून श्वास घ्यायला कधी कधी यंत्र लावावं लागतं.

ही फेरी मिनिटभराच्या वर चालवू नका. उड्या मारणारा दमतो आणि करवंटी पहिल्याच्या डोक्यावर ओततो.