पोरगं पहिल्यांदाच पोलिसांच्या हाती लागलं तर अटक कशी टाळायची

हे वस्तीतल्या कार्यकर्त्यांसाठी आहे, शाळेतल्या सर-मॅडमसाठी आहे, आणि ज्यांना रात्री दहाला फोन येतो ना की 'दादा पोराला चौकीत नेलंय, जरा या ना', त्यांच्यासाठी तर आहेच. वकिलांना हे माहिती असतं (असायला हवं म्हणा).

पहिलं म्हणजे पोलिसांनी धरलं की एफआयआर, मग अटक, मग रिमांड होम हे चित्र डोक्यातून काढून टाका. १८ च्या आतल्या पोराचं प्रकरण सहसा त्या वाटेने जात नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, जानेवारी २०१६ पासून लागू, आणि त्याच्याखाली केंद्राचे २०१६ चे आदर्श नियम आहेत, त्यातला नियम ८ मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. तो म्हणतो की गुन्हा अतिगंभीर असेल (पोलीस 'हीनस' म्हणतात तो) किंवा मोठ्या माणसांसोबत मिळून केलेला असेल तरच एफआयआर, बाकी सगळ्यात स्टेशन डायरीला नोंद करायची, पोराच्या घरची, शाळेची, परिस्थितीची माहिती असलेला सामाजिक पार्श्वभूमी अहवाल भरायचा, तो बाल न्याय मंडळाला पाठवायचा आणि आईबापाला सांगायचं की अमुक दिवशी पोराला घेऊन मंडळासमोर या. बस. ताब्यात घेण्याचा अधिकारसुद्धा हीनस गुन्ह्यापुरता, नाहीतर मग ते पोराच्याच हिताचं असेल तर.

आता गुन्हा कुठल्या खान्यात बसतो ते बघा. जास्तीत जास्त शिक्षा ३ वर्षांपर्यंत असेल तर किरकोळ. मोबाईल चोरला, सायकल उचलली, चौकात दोनचार फटके देऊन मारामारी केली, हे बहुतेक यातच येतं. हीनस म्हणजे ज्यात कमीत कमी शिक्षाच ७ वर्षं आहे. मधलं सगळं गंभीर. लोक इथे घोळ घालतात, कलमात 'दहा वर्षांपर्यंत' वाचलं की घाबरतात, पण हीनस ठरवताना बघायचा असतो कमीत कमीचा आकडा. फक्त एक लक्षात ठेवा, लुटताना कोयता वापरला की मामला बदलतो, प्राणघातक हत्यार वापरून केलेल्या जबरी चोरीला किमान ७ वर्षं आहेत, तिथे हा लेख पुरणार नाही, लगेच वकील बघा.

चौकीत जाताना वयाचा कागद घेऊन जा. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट आधी चालतं, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, काहीच नसेल तर मग हाडांची तपासणी. कायद्याने यादी अशीच लावलीय, आधार कार्ड त्यात नाहीये, तरी सगळे तेच घेऊन पळतात. वय घटनेच्या दिवसाचं धरतात, काल अठरा पूर्ण झाले आणि भानगड मागच्या महिन्यातली असेल तर तो अजूनही बालकच. आणि प्लीज वयात फेरफार करू नका, पकडलं गेलं की पुढे तुमचं काहीच कुणी ऐकत नाही.

तिथे गेल्यावर आवाज चढवायचा नाही. ठाणे अंमलदाराला शांतपणे विचारायचं, 'साहेब, बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत?' प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असायलाच हवा, सहायक उपनिरीक्षकाच्या खालचा चालत नाही. नाव मिळालं की त्यांच्याशीच बोला. विचारायचं की गुन्हा कुठल्या कलमाचा, डायरीला नोंद झाली का, नंबर काय, मंडळाची तारीख काय. आईबाप पोरासोबत बसू शकतात, ते मागून घ्या. पोराला बेडी नाही, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, मारझोड नाही, आणि त्याच्याकडून कुठल्याही जबाबावर सही घ्यायची नाही, हे सगळं नियमातच आहे. आईबापाला एक हमीपत्र द्यावं लागतं की आम्ही तारखेला हजर करू, ते बिनधास्त द्या. पण वाचून. त्या हमीपत्रात 'माझ्या मुलाने चोरी केली' असं वाक्य घुसलं असेल तर ते काढायला लावा.

अडलं तर १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि फुकट वकिलासाठी १५१००, म्हणजे विधी सेवा प्राधिकरण.

आता मुद्द्याचं. बऱ्याच ठिकाणी आईबापांना वाटतं की कागदच नको, दोन कानाखाली बसू देत, काय ते हातावर ठेवू आणि पोरगं घरी नेऊ. साहेबांनाही ते सोपं पडतं. मला हे सगळ्यात डेंजर वाटतं. कारण असं सुटलेलं पोरगं कागदावर कुठेच नसतं पण ठाण्याच्या डोक्यात असतं, पुढच्या वेळी एरियात काहीही गेलं की पहिला फोन त्याच्याच घरी, ना त्याला कुणी समुपदेशक भेटला ना शाळा का सुटली हे कुणी विचारलं. डायरीतली नोंद बघून लोक घाबरतात, पण त्या नोंदीनेच प्रकरण मंडळाकडे जातं आणि रीतसर बंद होतं. दुकानदाराला किंवा ज्याचं नुकसान झालंय त्याला वस्तू परत द्या, माफी मागा, भरपाई द्या, जरूर द्या, पण नोंदीसोबत, तिच्याऐवजी नको.

मंडळ म्हणजे कोर्टासारखं कोर्ट नाही. एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यात किमान एक बाई. पोराला ताब्यात घेतलंच असेल तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत इथे आणायचं असतं, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जामीन हा नियम आहे, गुन्हा जामीनपात्र असो नसो. नाकारायची कारणं तीनच, तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच हुकेल. म्हणून पहिल्या तारखेला कोण सांभाळणार हे दाखवायची तयारी ठेवा. मामा, आत्या, वर्गशिक्षिका, जो कुणी खरोखर जबाबदारी घेईल त्याला सोबत न्या. परिवीक्षा अधिकारी घरी येऊन अहवाल करतो, त्याच्यापासून लपवाछपवी करू नका, बाप दारू पितो तर पितो म्हणा, पण मग पोरगं कुणाकडे राहील तेही सांगा. किरकोळ प्रकरणात चौकशी ४ महिन्यांत संपवायची, फार तर २ महिने वाढवून मिळतात, तेवढ्यातही संपली नाही तर प्रकरण बंद होतं. हे तुम्ही मंडळाला आठवण करून द्यायचं, आपोआप कुणी करेल अशी वाट बघू नका. निकाल काय लागू शकतो तर समज देऊन घरी, ग्रुप समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली सुटका वगैरे.

मे २०२४ च्या पुण्यातल्या पोर्शे कार अपघातात अल्पवयीन पोराला मंडळाने निबंध लिहायला सांगून जामीन दिला, तेव्हापासून '३०० शब्दांचा निबंध' हा विनोद झाला आणि त्याचा राग आता प्रत्येक पोरावर निघतो. त्यात दोन जीव गेले होते, लोकांचा संताप समजू शकतो. पण सायकल चोरणारं आठवीतलं पोरगं त्याचं उत्तर देणं लागत नाही, चौकीत कुणी टोमणा मारला तर वाद घालू नका, नियम ८ वर परत या.

पोरामागे कुणी मोठा माणूस असेल, म्हणजे 'तू उचल, तुला काय होत नाही' म्हणणारा, तर ते नक्की सांगा. मोठ्यांनी पोरांना बेकायदा कामाला वापरलं तर याच कायद्याच्या कलम ८३ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा केसमध्ये एफआयआर होणार, पण पोराची चौकशी तरी मंडळाकडेच.

आणि फोटो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सीसीटीव्हीतला चेहरा, नाव, शाळा फिरायला लागते तेव्हा अॅडमिनला लगेच सांगा की पोराची ओळख उघड करणं गुन्हा आहे, कलम ७४, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कलमात अजून एक आहे, प्रकरण बंद झालं की पोलिसांनी चारित्र्य पडताळणीत ते दाखवायचं नाही. पुढे पोलीस भरतीचा फॉर्म भरताना कुणी अडवलं तर मंडळाच्या आदेशाची प्रत लागेल, म्हणून ती त्याच दिवशी मागून घ्या आणि दाखल्यांच्या फाईलमध्ये ठेवा.