ऑफिसचं वाय-फाय रखडतंय? नवा राउटर घेण्याआधी या चुका टाळा

वीस-पंचवीस माणसांच्या ऑफिसात नेट रखडलं की ठरलेला उपाय निघतो: "मोठा राउटर घेऊन टाकू." जरा थांबा. आधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून स्पीड मोजा, मग टेबलाजवळच्या नेटच्या पॉइंटला जोडून पुन्हा मोजा. राउटरपाशी ३०० एमबीपीएस आणि टेबलापाशी जेमतेम ९५ मिळत असतील, तर मध्ये कुठेतरी १०० एमबीपीएसचा जुना स्विच (एका केबलवरून अनेक केबलना नेट वाटणारा डबा) दडलाय किंवा केबलमधल्या तारांची एखादी जोडी तुटलीय. राउटर कितीही भारी आणला तरी यात फरक पडणार नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती खोक्यावरच्या आकड्याने. 'एएक्स ३०००' म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ बँडचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झ बँडचे २४०२ एमबीपीएस मिळून केलेली बेरीज. लॅपटॉप साधारणपणे एका वेळी एकाच बँडवर असतो. त्यातले २४०२ सुद्धा १६० मेगाहर्ट्झ रुंद चॅनलवरचे. चॅनल ८० चं ठेवलं की उरतात १२०१. हाही कागदावरचाच वेग, आणि तो सगळ्यांत वाटला जाणार. खरेदीला निघताना माणसं नका मोजू, उपकरणं मोजा: पंचवीस माणसांचे लॅपटॉप आणि फोन मिळूनच पन्नास होतात, प्रिंटर वेगळा.

दुसरी चूक रिपीटरची. स्वस्त रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि त्याच चॅनलवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो. फोनवर कांड्या फुल दिसतात, व्हिडिओ कॉल मात्र अडकतोच. घरी चालून जाईल. ऑफिसात छताला अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट वाय-फायवर पसरवणारे डबे) लावा आणि प्रत्येकाला स्वतंत्र केबल द्या. ती केबल अस्सल तांब्याचीच घ्या. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त पडते, पण तिच्यातूनच वीज द्यायची असेल तर ती तापते आणि दगा देते.

केबलमधून वीज देणारा पीओई स्विच घेताना नुसते पोर्ट मोजून भागत नाही, एकूण वॅटही बघा. आठ पोर्टचा, पण सगळे मिळून ६० वॅटचा स्विच प्रत्येक पोर्टला १५ वॅट देऊच शकत नाही.

स्टीलच्या कपाटात राउटर कोंडू नका, हे सांगावं लागू नये. पण लागतं.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. पॉवर 'हाय'वर नेऊन कव्हरेज वाढल्यासारखं वाटतं, पण फोनचा क्षीण सिग्नल परत अ‍ॅक्सेस पॉइंटपर्यंत पोचत नाही. शिवाय जवळ दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट असूनही फोन लांबच्यालाच चिकटून राहतो. 'मीडियम' करून बघा.

शक्य असेल तर विक्रेत्याकडून एकच अ‍ॅक्सेस पॉइंट चाचणीसाठी मागवा आणि मीटिंग रूमचं दार बंद करून, आत माणसं बसलेली असताना मोजा. बाकीची ऑर्डर त्यानंतर.