ईस्टरची तारीख हाताने कशी काढायची

संडे स्कूलमध्ये दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "टीचर, नाताळ पंचवीस डिसेंबरला ठरलेला, मग ईस्टरच का सरकतो?" मी लगेच उत्तर देत नाही, वही-पेन्सिल काढायला लावते.

नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण. ही पौर्णिमा आकाशातली नव्हे, चर्चच्या कोष्टकातली.

सालाला १९ ने भागा. चंद्राच्या कला १९ वर्षांनी जवळपास त्याच तारखांना येतात, म्हणून १९. बाकीला १९ ने गुणा, २४ मिळवा, ३० ने भागा. आता जी बाकी उरेल तितके दिवस २१ मार्चच्या पुढे मोजा. (बाकी २९ आली तर २८ धरा, २८ आली आणि पहिली बाकी १० पेक्षा मोठी असेल तर २७.) १९०० ते २१९९ पर्यंत हे चालतं.

२०२६ घ्या. बाकी १२. बारा एकोणीसे २२८, अधिक २४, झाले २५२. तीसने भागून उरले १२. पौर्णिमा २ एप्रिल, गुरुवार. ईस्टर ५ एप्रिल. २०२५ ला मात्र मुलं हमखास चुकतात: पौर्णिमा १३ एप्रिल, तोच रविवार! अशा वेळी पुढचा रविवार धरायचा, २० एप्रिल.

मग मी विचारते, पौर्णिमाच का? कारण येशूला क्रूसावर दिलं ते वल्हांडण या यहुदी सणाच्या दिवसांत, आणि वल्हांडण यहुदी पंचांगातल्या निसान महिन्याच्या पौर्णिमेचा. आणि रविवार? आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे स्त्रिया येशूच्या कबरेकडे गेल्या, तर धोंड सरकवलेली होती, येशू उठला होता. पूर्वी आशिया मायनरमधले (आजच्या तुर्कस्तानातले) ख्रिस्ती वार न बघता १४ निसानच पाळत, रोम रविवार पाळे. स्मर्नाचे वृद्ध बिशप पॉलिकार्प यासाठी रोमला गेले. रोमचे बिशप अनिसेटस यांच्याशी त्यांचं एकमत झालं नाही, तरी दोघे प्रेमाने निरोप घेऊन वेगळे झाले. हा प्रसंग मी कधीच गाळत नाही. सगळ्यांनी एकाच रविवारी सण करावा हे ठरलं ३२५ साली, निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेत.

शेवटी ५ एप्रिलपासून ४६ दिवस मागे मोजायला सांगते. १८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. त्यातले सहा रविवार मुलं खोडतात, उपवासाचे चाळीस उरतात. रविवारी उपवास नसतो. प्रत्येक रविवार हा छोटा ईस्टरच.